मागची तीन फूट जागा

आमच्या साडूंइतका सावध माणूस या पृथ्वीतलावर दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर तो घराबाहेर पडलेला नसणार. तसं पाहिलं तर याच माणसाने एकुलत्या एका मुलीचं लग्न एका चहात ठरवलं, पनवेलमधला राहता फ्लॅट आतली मोरी न बघता घेतला आणि नोकरीचा राजीनामा बसची वाट बघताना उभ्याउभ्या लिहून टाकला. पण त्यात कुणाच्या हाडाला धोका नव्हता. हाडाचा प्रश्न आला की साडू बदलायचे. राजीनाम्यानंतर त्यांच्या मनात घरीच व्यायाम करायचं आलं आणि त्यासाठी लागणारा स्क्वॉट रॅक निवडायला त्यांनी पावणेतीन वर्षं घेतली. वस्तू म्हणाल तर साधी. वजनाचा रॉड खांद्यावर घेऊन बैठका मारायच्या, तो रॉड टेकवायला दोन उभे खांब आणि दोन हुक. बैठकीतून उठता आलं नाही तर रॉड अंगावर न येता अडावा म्हणून खाली दोन आडवे दांडे. संपला रॅक. ताई, म्हणजे त्यांची बायको, त्याला सरळ घोडी म्हणायच्या. या घोडीपायी माझे पावणेतीन वर्षांतले बहुतेक रविवार गेले, कारण त्या निवडीत माझा एक विचित्र उपयोग होता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते मला 'साडूभाऊ' म्हणतात, मी त्यांना 'दादा' म्हणतो. उंची सहा फूट, त्यामुळे कुठल्याही घरात शिरताना ते दाराला नमस्कार केल्यासारखे वाकतात. वडाळे तळ्यापासून पाच मिनिटांवर तळमजल्याला राहायचे. नोकरी उरणकडच्या एका कारखान्यात, सेफ्टीत. तिथे दुमजली घराएवढ्या टाक्या होत्या. टाकी साफ करायला आत माणूस उतरला की टाकीच्या तोंडाशी बाहेर दुसऱ्याने बसायचं, दर दोन मिनिटांनी आतल्याला हाक मारायची आणि तो बाहेर येईपर्यंत जागा सोडायची नाही, असा नियम. चहा आला तरी नाही, लघवीला लागली तरी नाही, मॅनेजर स्वतः बोलवायला आला तरी नाही. साडूंनी हा नियम इतकी वर्षं पाळला आणि पाळायला लावला की नोकरी सुटल्यावरही नियम काही सुटला नाही. तो त्यांच्याबरोबर घरी राहायला आला.

ताई माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढल्या की साडू हातातला पेपर टाकून स्टुलाला धरून उभे. "तीस वर्षांत मी एकटीने एक डबा वरून काढलेला नाही," असं ताई सांगायच्या, त्यात तक्रार किती आणि अभिमान किती ते मला कधी कळलं नाही. त्यांच्याकडे पाहुणा आंघोळीला गेला की दर दोन मिनिटांनी दारावर टकटक व्हायची आणि बाहेरून प्रश्न यायचा, "ठीक?" आतून "ठीक" असं उत्तर आल्याशिवाय पावलं हलायची नाहीत. आम्ही घरचे सरावलो होतो. पण त्यांचे व्याही पहिल्यांदाच मुक्कामाला आले, तेव्हा कानात साबण गेल्यामुळे त्यांना हाक ऐकू आली नाही, आणि साडूंनी बाहेरून स्क्रू ड्रायव्हरने कडी उतरवली. दोन्ही कुटुंबांचे संबंध त्यानंतरही चांगले राहिले, याचं श्रेय व्याह्यांना द्यायला हवं. सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करायची असली की साडू तोंडाशी प्लास्टिकचं स्टूल टाकून, हाताला दोर गुंडाळून बसत. एकदा ऐन वेळी ताईंना चक्कर आल्याचा निरोप आला तरी ते उठले नाहीत. आतला कामगार वर आला, त्याच्या डोक्यावर हात ठेवून झाला, मगच पळत सुटले. ताईंनी यावर नंतर चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, "बरोबरच होतं त्यांचं. मला चक्कर आली होती, तो माणूस आत होता."

इथवर सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. पण साडूंच्या काही सवयी अशा होत्या की त्यांना हसताना माझा आवाज आपोआप खाली यायचा. ते मोजणी कधी 'एक'पासून करत नसत. भाताच्या खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, तसं ते काहीही मोजायला घेतलं की लाभ, दोन, तीन. पोळ्या असोत, जिन्याच्या पायऱ्या असोत की औषधाच्या गोळ्या. साडूंच्या सात पिढ्यांत कुणाचं शेत नव्हतं, मग हे खळं आलं कुठून? विचारलं की म्हणत, "लागली सवय." दुसरं म्हणजे ते भिंतीला टेकून कधी बसत नसत. खुर्ची भिंतीपासून तीन फूट पुढे ओढत, आणि त्या तीन फुटांत कुणी पिशवी ठेवली तरी उठून बाजूला करत. तळ्याभोवती आम्ही फिरायला जायचो तेव्हा ते उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून चालायचे. मी एकदा बोलायच्या नादात त्या जागेत शिरलो, तर त्यांनी मला दंडाला धरून हळूच डावीकडे घेतलं. "या बाजूने चला," एवढंच म्हणाले. मधेच त्यांची चाल मंद व्हायची. त्यांच्या टांगा लांब, मी मागे पडलो म्हणून थांबत असतील असं मला आधी वाटायचं. पण मी पुढे असलो तरी ते मंद होत, आणि मान उजवीकडे, जरा खाली वळवत. तळ्यावर दुपारचं ऊन तापलेलं असायचं, चिटपाखरू नसायचं, आणि आम्ही दोघं तिघांसारखे चालत असायचो.

आणखी एक गोष्ट मला खुपायची, ती सांगूनच टाकतो. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला साडू कधी आले नाहीत. एकदाही नाही. ताई यायच्या, डब्यात नारळाची वडी आणायच्या, "त्यांना जरा काम होतं" म्हणायच्या. माझी समजूत अशी की हे मानपानाचं प्रकरण आहे. थोरल्या जावयाला आमच्या लग्नात आहेर कमी पडला असणार, किंवा फेटा त्यांच्या डोक्याला लहान झाला असणार. मी बायकोशी यावरून भांडलोही होतो. उलट लग्नात त्यांची जितकी सरबराई झाली तितकी माझीसुद्धा झाली नाही, असं माझं म्हणणं, आणि त्याला पुरावा म्हणून लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. त्यात नवरदेव, म्हणजे मी, साडूंच्या पंगतीत वाकून त्यांच्या तोंडात जिलबी कोंबताना स्पष्ट दिसतो.

दोन हजार दहाच्या आसपास रॅकचा शोध सुरू झाला. पनवेलात तेव्हा विमानतळाची हवा होती. विमान दूरच, पण विमानतळ येणार म्हणून इमारती येत होत्या आणि प्रत्येक नव्या इमारतीखाली एक जिम उघडत होती. साडू सायबर कॅफेत जाऊन रॅकची चित्रं छापून आणत आणि त्यावर पट्टीने रेघा मारत. मग रविवारी दहा वाजता मला फोन. "साडूभाऊ, तयार आहात ना? वाशीला जायचंय." मी शाळेत चित्रकला शिकवतो. वजन उचलायचा माझा अनुभव तपासायच्या वह्यांपलीकडे गेलेला नाही. मला कशाला नेता, असं मी पहिल्याच रविवारी विचारलं. साडू म्हणाले, "तुमची उंची पाच फूट चार इंच आहे."

माझा उपयोग तो एवढाच. दुकानात शिरलो की साडू मला रॅकमध्ये उभं करत. खांद्याला फूटपट्टी लावून हुकाची उंची बघत. मग मला खाली बसवत, अगदी उकिडवं, आणि त्या स्थितीत माझ्या मानेपासून आडव्या दांड्यापर्यंत टेप धरत. "हलू नका." मी हलत नसे, गुडघे हलत. एकीकडे सेल्समन गोड हसत म्हणत असे, "अंकल, इनके लिए ले रहे हैं?" साडू म्हणत, "नाही." मग तो विचारी, "आपके लिए?" साडू पुन्हा, "नाही." आणि मग ते आपल्या हनुवटीच्या उंचीवर, हवेत, हात आडवा धरत. "एवढ्या माणसासाठी." हात ते अशा बेताने ठेवत की खाली कुणाचं तरी डोकं आहे आणि त्याला लागू नये. एका दुकानात तर सेल्समन त्या हाताखालच्या मोकळ्या जागेकडे बघून अभावितपणे एक पाऊल मागे सरला. मी हे सगळं उकिडवं बसल्या जागेवरून बघत असे. मी तिथे होतो, माझ्याच खांद्याचं माप घेतलं जात होतं, आणि तरी त्या दुकानात माझ्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. चित्रकलेच्या वर्गात आम्ही फुलदाणीला समोर ठेवतो तसं काहीतरी.

रॅक नापसंत होण्याची कारणं अनंत. एकाचे दांडे दोन इंच वर, एकाचे दीड इंच खाली. एकाची भोकं लांब लांब, मधली उंची मिळत नव्हती. एकाखाली साडू स्वतः डोळे मिटून दहा मिनिटं पडून राहिले आणि उठून म्हणाले, "इथे श्वास कोंडतो." दुकानदाराने मला बाजूला घेऊन विचारलं की यांची तब्येत बरी आहे ना. सगळ्यात मोठा वाद झाला तो एका चांगल्या, जाडजूड, सगळी मापं जुळणाऱ्या रॅकवरून. सेल्समन खुशीत म्हणाला, "साहेब, याचा फायदा असा की मागे माणूस लागत नाही. एकटे करू शकता." साडूंनी टेप गुंडाळली आणि चालू पडले. मी मागोमाग धावलो. रस्त्यावर येऊन ते थांबले, चेहरा उतरलेला. "एकट्याने करायचंच नाही, साडूभाऊ. मागे माणूस पाहिजेच. पण एखाद्या दिवशी माणूस यायचा राहिला, तर लोखंडाने तरी असावं." मी मान डोलावली. त्या वेळी मला यातलं काहीही कळलं नव्हतं.

शेवटी शाळेच्या सुट्टीतल्या एका गुरुवारी जुन्या पनवेलातल्या एका वेल्डरने प्रश्न सोडवला. साठीचा, पांढरी दाढी, अर्धं आयुष्य आखातात लोखंडाचं काम करून परत आलेला. त्याने चित्रं बघितली, साडूंची सगळी मापं ऐकली, मला उभं केलं, बसवलं, खडूने खुणा केल्या. मग खडू कानावर ठेवून म्हणाला, "साहेब, माफ करा, एक विचारू? माप या भाऊंचं घेतलं. पण रॅक यांच्यासाठी नाही ना?"

"नाही," साडू म्हणाले.

"ज्यांच्यासाठी आहे ते हयात आहेत?"

"नाहीत."

भर दुपारी, ग्राइंडरच्या आवाजात, मला माझ्या दोन्ही खांद्यांवरच्या खडूच्या खुणा एकदम गार लागल्या. मी त्या पुसायला हात नेला आणि पुसवेना. वेल्डरला मात्र आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्याने विचारलं, "कामावर बरोबर होते?" साडू म्हणाले, टाकीवर. "आमच्याकडे पण टाकीच्या तोंडावर एक माणूस बसायचा," वेल्डर म्हणाला. "तो उठला की आतल्याला कळायचं, साहेब. बघितल्याशिवाय कळायचं. उद्या जुम्मा आहे, परवा काम धरतो. वेल्डिंग मी स्वतः मारीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

त्या संध्याकाळी मी ताईंकडे गेलो आणि आता सांगा म्हणून बसलो. साडू फिरायला गेले होते. ताईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग सांगायला सुरुवात केली. साडूंचा एक जोडीदार होता. उरणकडच्या गावातला, भातशेती असलेल्या घरचा, पाच फूट चार इंच. तो टाकीत उतरला की साडू तोंडाशी बसत, साडू उतरले की तो बसे. पहिली पाळी सुटली की दोघं एकाच बसने पनवेलला येत आणि साडेतीन वाजता, दुपारच्या सुनसान वेळी, एका जुन्या व्यायामशाळेत बैठका मारत. तिथे नुसते दोन लाकडी खांब होते, खाली अडवणारं काही नव्हतं. म्हणून एक खाली बसला की दुसरा मागे उभा. जोडीदार म्हणायचा, "दादूस, तू बस बिनधास्त. मी पाठी हाय." आणि मोजायचा लाभ, दोन, तीन, बापाच्या खळ्यावर शिकला होता तसा.

"तुमच्या लग्नाच्या दिवशी ह्यांनी रजा टाकली होती," ताई म्हणाल्या. "त्याला सांगून ठेवलं होतं, जेवण झालं की मी साडेतीनला येतो, तोवर हात लावू नकोस. पण पंगत उशिरा बसली. हे दोनदा उठायला निघाले." त्यांना पुढे बोलायची गरजही नव्हती, कारण पुढचं माझ्याकडे कॅसेटमध्ये होतं. थोरल्या जावयाला नवरदेवाने स्वतःच्या हाताने आग्रह करायचा, हा आमच्याकडचा रिवाज. साडू मनगटावरच्या घड्याळाकडे बघतायत. उठतायत. मी त्यांचे खांदे दाबून त्यांना खाली बसवतो, "दादा, उठायचं नाही, माझी शपथ आहे," आणि तोंडात जिलबी. मग दुसरी. सगळे हसतायत. मी ते दृश्य आल्यागेल्याला किती वेळा दाखवलं असेल. साडू व्यायामशाळेत पोचले तेव्हा पावणेपाच वाजले होते. जोडीदाराने वाट पाहिली असणार आणि मग एकट्याने रॉड खांद्यावर घेतला असणार. तो रॉडखाली होता. साडूंनीच त्याला पहिल्यांदा पाहिलं.

"ह्यांनी मला शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून," ताई म्हणाल्या. "नव्या नवऱ्याच्या माथी कशाला, म्हणाले." त्या दिवसानंतर साडूंनी रॉडला हात लावला नव्हता. आता गुडघे आहेत तोवर एकदा तरी त्या वजनाखाली जाऊन उठायचं, नाहीतर राहून जाईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि ज्याच्यात तो जोडीदार वाचला असता असा रॅक मिळाल्याशिवाय ते खाली जाणार नव्हते. मी घरी आलो आणि बायकोला काही न सांगता कॅसेट कपाटाच्या तळाशी टाकली. मला माझ्या हातांची लाज वाटत होती, हे खरं आहे.

रॅक आला. मागच्या खोलीत मुलीचं जुनं टेबल होतं ते हलवून बसवला. भिंतीपासून बरोब्बर तीन फूट पुढे. साडूंनी नारळ फोडला, खांबांना हळदकुंकू लावलं, आणि मला म्हणाले, "साडूभाऊ, रविवारी साडेतीनला या. मागे उभं राहायचंय." मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी जिलबी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "जिलबी चांगली होती, साडूभाऊ. दोष जिलबीचा नाही, तुमचाही नाही. जागा माझी होती."

रविवारी तीनलाच वीज गेली. पंखा फिरायचा थांबला आणि मागची खोली अशी गप्प झाली की तळ्याकडच्या एका टिटवीचा आवाज खिडकीशी आल्यासारखा वाटला. साडूंनी रॉड लावला तो खालच्या भोकात, माझ्या खांद्याच्या उंचीवर. मी म्हटलं, दादा, वरच्यात लावा, तुम्हाला वाकावं लागेल. "पहिला डाव त्याचा," ते म्हणाले. आडवे दांडे त्यांनी दोन्ही हातांनी हलवून बघितले. मग जमिनीला हात लावून कपाळाला लावला, वाकून रॉडखाली शिरले आणि वजन उचललं. मी त्या तीन फुटांत उभा. ती जागा साडूंनी इतकी वर्षं मोकळी ठेवली होती, तिथे उभं राहताना मला उगाचच कुणाला तरी धक्का लागेल असं वाटत होतं, म्हणून मी अंग चोरून उभा राहिलो. "मी मागे आहे, दादा," मी म्हणालो. साडू खाली बसले.

आणि बसूनच राहिले. मोजायचं काम माझं होतं. त्यांनी तसं सांगितलंही होतं. पण समोर ती वाकलेली मान, त्यावर लोखंड, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. साडूंचे पाय थरथरायला लागले. त्यांचे खांदे दिसत होते, ज्यांना मी एकदा दाबून बसवलं होतं. आता हात पुढे करून त्यांना वर ओढावं की नुसतं ओरडावं, काही सुचत नव्हतं. एवढ्यात अगदी साध्या आवाजात, कुणी धान्याचं माप पोत्यात ओततं त्या सहजपणाने, खोलीत शब्द आला, "लाभ."

साडू उठले. सरळ, सहा फूट, एका दमात. नंतरचे दोन, तीन, चार मी मोजले, ते माझ्याच फाटक्या आवाजात. पाचनंतर त्यांनी रॉड हुकावर ठेवला आणि खांबाला धरून उभे राहिले. मग वळून म्हणाले, "साडूभाऊ, तुम्हाला लाभ म्हणायला तुमच्या ताईंनी सांगितलं?"

"मी नाही म्हटलं, दादा. तुम्हीच म्हणालात ना?"

"वजनाखाली असताना माणसाला बोलता येत नाही," साडू म्हणाले. ते खरंच आहे, पुढे मला अनुभव आला. ताई दारात चहा घेऊन उभ्या होत्या. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मी तर आत्ता आले," त्या म्हणाल्या, आणि ट्रेमधले कप आमच्या लक्षात आले. चार होते. चौथा चहा ताईंनी परत नेला नाही, खिडकीत ठेवला. साडू त्या दिवशी कितीतरी वर्षांनी भिंतीला पाठ टेकून बसले आणि आम्ही आपापला चहा प्यालो. त्या वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ते आले. जिलबी घेऊन आले. मी ती हातात धरून बसलो, तर त्यांनीच खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खा."

पुढे चारेक वर्षं आमचे रविवार असे गेले. मग साडूंचे गुडघे दमले, दोन्ही बदलावे लागले, आणि मुलगी त्यांना आणि ताईंना नाशिकला घेऊन गेली. पनवेलचं घर आवरताना रॅक भंगारात द्यायचं कुणीतरी सुचवलं. मी काही बोलायच्या आत साडू म्हणाले, "माप साडूभाऊंचंच आहे. त्यांच्याकडे जाऊ दे." आला माझ्याकडे. आमचा फ्लॅट लहान. बायको म्हणाली, भिंतीला लावून टाक, जागा तरी वाचेल. मी तीन फूट सोडूनच बसवला आणि आता आमचा सोफा दिवाणखान्यात तिरका पडलेला असतो. पन्नाशीला आल्यावर डॉक्टरांनीही हालचाल करा म्हणून सांगितलं होतं. मी रिकामा रॉड घेतो, त्याला साडू वजन मानत नाहीत.

दर रविवारी साडेतीनला मी त्यांना फोन लावतो आणि स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवतो. ते नाशिकला खुर्चीत बसलेले असतात. नव्या गुडघ्यांची चौकशी होते, ताई मागून काहीतरी सांगतात. मग साडूंचा आवाज बदलतो. दांडे तपासले का, विचारतात. हुक खालच्या भोकात आहे का, विचारतात. मग म्हणतात, "बसा बिनधास्त. मी पाठी हाय." तसं ते आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वेळी बोलत नाहीत. मी वाकून रॉडखाली जातो, खाली बसतो आणि थांबतो. त्यांनी मोजल्याशिवाय उठायचं नाही, असा आमचा करार आहे. आणि इथे एक गोष्ट अशी आहे जी मी त्यांना अजून सांगितलेली नाही. त्यांचा "लाभ" खिडकीतून येतो तो जरा उशिरा येतो. नाशिक लांब आहे, फोनला वेळ लागत असेल. तो येतो तेव्हा मी उठून उभा असतो.